पडद्यावर बासष्ट

मंगळवार, १५ फेब्रुवारी १९९४

आमच्या मंजूच्या कारखान्यातला रिॲक्टर नं. २ आज सकाळी उतू जाता जाता राहिला. कोणाला इजा नाही. तिथल्या कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या हरेशने, पान छपाईला सुटायच्या आधी, ऑफिसात फोन करून सांगितलं. संध्याकाळी मंजूने चपला काढता काढता तेच सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही, म्हणून खरं धरतो.

झालं ते असं. माल सत्तर अंशांपर्यंत तापवायचा होता. पडद्यावर बासष्ट. थोड्या वेळाने पाहिलं तरी बासष्ट. कॉम्प्युटरच्या मते अजून सत्तर झालेले नाहीत, म्हणून तो वाफ सोडतोच आहे. मंजू तिथे केमिस्ट, ती सॅम्पल घ्यायला केबिनबाहेर आली तर रिॲक्टरचा आवाज वेगळा. "आधण जास्त झालं की झाकण वाजतं ना बाबा, तसा." शिडी चढून वरच्या काट्याच्या थर्मामीटरवर पाहिलं तर एकशे चार. भोईर ऑपरेटरने वाफ हाताने बंद केली, थंड पाणी सोडलं. तापमान मोजणारी तार मध्येच कुठेतरी गंजून तुटली होती.

महिनाभर मी त्याच कॉम्प्युटरसाठी चुकांचे संदेश मराठीत लिहितो आहे. पन्नासेक झाले असतील. आज त्यातला एकही पडद्यावर आला नाही.

"आईला नका सांगू," मंजू म्हणाली. सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. सौ.ला म्हटलं, पित्त झालंय.

बुधवार, १६ फेब्रुवारी

ऑफिसातून परस्पर कॅम्प तीनच्या सिंधी वस्तीत, हरेशकडे. खाली वडिलांचं पापडाचं दुकान, वर त्याची खोली, खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक पलंग. आमच्या सायंदैनिकाची जुळणीची यंत्रं तोच दुरुस्त करतो, ओळख तिथली. अंबरनाथच्या त्या कारखान्यासाठी त्याने स्वतःची एक छोटी भाषा बनवली आहे, नाव 'क्रम'. केमिस्टने कृती लिहायची: घाल, ढवळ, सत्तरपर्यंत तापव, थांब. कॉम्प्युटर तसं करतो. चालता चालता कुठे अडलं तर पडद्यावर नुसता आकडा यायचा, चूक ११, चूक ५३. कोणाला कळेना. तेव्हा मंजूनेच त्याला सुचवलं होतं, आमचे बाबा पेपरात मथळे अक्षरं मोजून लिहितात, त्यांना घे.

"काका, एरर आली तर मेसेज येणार ना? एरर आलीच नाही."

"हरेश, तार तुटली."

"तुटली. बरोबर. पण प्रोग्रामला तसं कोणी सांगितलंच नाही. रीडिंग आलं नाही, तर त्याने वरचं घेतलं."

"वरचं म्हणजे?"

त्याने पापडाच्या पुडक्याच्या कागदावर दोन छोट्या तिरप्या रेघा काढल्या. म्हणाला, "डिट्टो."

भाषा बनवायच्या आधी तो सहा महिने कारखान्यात बसून हाताने भरलेली रजिस्टरं वाचत होता. ऑपरेटर चहाला गेला, बिडीला गेला, पावसात वर चढायचा कंटाळा आला, की त्या वेळच्या रकान्यात डिट्टो. खाली सुपरवायझरची सही. सगळ्या पाळ्यांत, सगळ्या वर्षांत. हरेशला वाटलं हीच इथली पद्धत. ती त्याने भाषेतच घालून टाकली. आकडा आला नाही की वरीलप्रमाणे.

त्याआधी वेगळं होतं. आकडा आला नाही की तो उणे नऊशे नव्व्याण्णव धरायचा. चाचणीच्या पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरने ते खरं मानलं. एवढं गार! म्हणून वाफ पूर्ण उघडली. मॅनेजर वैद्य साहेब हसले, मग ओरडले. डिट्टो टाकल्यावर मात्र म्हणाले, आता कसा शहाण्यासारखा चालतोय.

हरेशच्या आईने पापड-पाणी आणलं. "आप तो कुछ लेते ही नहीं, भाईसाहब." घेतलं.

उठताना हरेशने हळूच विचारलं, "काका, मंजू बाहेर आली नसती तर?" मी जिना उतरलो.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

एमआयडीसी बंद, साप्ताहिक सुट्टी, मंजू घरी. आठवड्यातला एकच दिवस मी पहाटे जागा होऊन लगेच पुन्हा झोपू शकतो.

सौ.ला कळलंच. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंचा दीर त्याच कंपनीत पॅकिंगला आहे. सौ. गॅसपाशी उभी होती, पाठ आमच्याकडे. "रिॲक्टर म्हणजे काय ते मला कोणी सांगणार आहे का या घरात?"

"मोठा कुकर गं आई," मंजू म्हणाली.

"कुकरला शिट्टी असते."

मंजूने ताटं मांडायला घेतली.

नंतर मंजू माझ्याशी एकटीच, गॅलरीत. नोकरी सोड म्हटलं. म्हणाली, "बाबा, जगात कुठे भूकंप झाला तरी तुम्ही आधी विचारता किती कॉलमी. माझ्या वेळेला काय झालं?" मग म्हणाली, "मी सोडली तर दुसरी कोणीतरी बसेल तिथे. तिचे बाबा मेसेज लिहीत नसतील."

लाडात बोलली. पण ते डोक्यातून जात नाही.

सोमवार, २१ फेब्रुवारी

हरेशबरोबर तीन तास.

त्याला डेस्कवरचा आमचा नियम सांगितला. पान सुटायची वेळ झाली, वार्ताहराचा फोन लागत नाही, तर 'परिस्थिती कालप्रमाणे' असं छापायचं नाही. 'काही घडले नाही' असंही नाही. छापायचं ते एवढंच: हा अंक छपाईला जाईपर्यंत अधिक वृत्त हाती आले नव्हते. वाचकाला कळतं की आपल्याला कळलेलं नाही.

हरेशने ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाला, "काका, प्रॉब्लेम खोक्याचा आहे." त्याच्या भाषेत प्रत्येक आकडा एका खोक्यात राहतो. खोक्यात आकडाच मावतो, दुसरं काही नाही. म्हणून 'माहीत नाही' हेसुद्धा त्याला कुठला तरी आकडा बनवूनच आत टाकावं लागत होतं. शून्य टाका, उणे नऊशे नव्व्याण्णव टाका, वरचा टाका, आत शिरलं की तो आकडाच. पुढच्या हिशोबाला खरं-खोटं कळायला मार्ग नाही.

आता तो प्रत्येक खोक्याला एक चिठ्ठी लावणार. आत आकडा असेल तर चिठ्ठी कोरी. नसेल तर चिठ्ठीवर लिहिलेलं: कुठून आला नाही, केव्हापासून, का.

"आणि त्या खोक्याची बेरीज केली तर?"

"बेरजेला पण चिठ्ठी चिकटेल. ॲव्हरेज काढा, त्याला पण. ओरिजिनल जागेचं नाव घेऊन."

म्हणजे डेटलाइन, बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव असतं तशी. चूक कुठे कळली ते नाही, कुठे झाली ते. आजवर उलटं होतं. तार तुटायची वर आणि अडायचं भलत्याच ठिकाणी, सरासरीच्या ओळीत. लोक सरासरी तपासत बसायचे.

हरेश वैतागला मध्येच. "एक तार गेली तर अख्ख्या पडद्यावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या दिसतील. वैद्य साहेब मला उभा जाळतील." म्हटलं, जाळू देत, पडद्यावर दिसेल तर खरं.

मग माझं काम. दोन ओळी, ओळीला चाळीसच्या आत अक्षरं:

रिॲक्टर २ तापमान: ११.१० नंतर वृत्त नाही.
शेवटचा आकडा ६२, तो धरू नये.

'तो धरू नये' तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

दुपारी कारखान्यात. प्रथमच आत गेलो. हरेशने नवी भाषा घातली आहे, वैद्य साहेबांनी एका अटीवर मान्य केली: काहीही झालं तरी बॅच आपोआप थांबवायची नाही. कारणही सांगितलं. मध्येच थांबलं तर माल आत गोठतो, दगड होतो. मग झाकण काढून, दोर बांधून माणूस आत उतरवायचा आणि त्याने तो दगड छिन्नीने फोडायचा. मागे एकदा तसं केलंय. बाहेर काढला तेव्हा माणूस बोलत नव्हता. नंतर बरा झाला, म्हणाले.

तेव्हा तोडगा असा: संदेश येईल, घंटी वाजेल, ऑपरेटरने वाचून एंटर दाबलं की पुढे.

केबिन म्हणजे काचेची पेटी, पंखा, हळदीकुंकू लावलेला कॉम्प्युटर. भोईर बसलेला. बारवी धरणाकडच्या गावचा, साठीकडे झुकलेला, मला भाऊ म्हणतो. मी पडद्याकडे पाहत होतो. खालच्या कोपऱ्यात काहीतरी उमटलं आणि गेलं. पुन्हा उमटलं, गेलं. माझं वाक्य असावं. पहिला शब्दसुद्धा वाचता आला नाही.

मग कीबोर्डकडे पाहिलं. एंटरच्या बटणावर चुन्याची डबी ठेवलेली. वजनाने बटण दाबलेलंच.

"भोईर, ही डबी?"

"काय करू भाऊ, त्यो सारका बोंबलतंय. कागद संपला, टिंग. दार उघडा हाय, टिंग. पानी कमी, टिंग. सांच्याला कान किटतान. डबी ठेवली का गप."

"पण वाचत कोण?"

"तुमी लिवता, तुमीच वाचा."

केबिनमधले सगळे हसले. मंजूही हसली, मग तिने माझं तोंड पाहिलं आणि डबी उचलली.

परत येताना रिक्षात हरेशला म्हटलं, माझंच चुकलं. प्रिंटरचा कागद संपला तेही मी दोन ओळीत, घंटी वाजवून. तापमान गेलं तेही दोन ओळीत, घंटी वाजवून. पहिल्या पानावर सगळ्याच बातम्या आठ कॉलमी. कोण वाचेल? अप्रेंटिसनेसुद्धा केलं नसतं.

शनिवार, २६ फेब्रुवारी

छाटणी. पन्नासातले चार ठेवले घंटीचे. तापमान, दाब, थंड पाणी, ढवळणं. बाकी सगळे निमूट खालच्या पट्टीत जातील, ज्याला हवं त्याने वाचावं.

आणि त्या चारांना एंटर चालणार नाही. डबी ठेवली काय, उखळ ठेवलं काय. तापमानाचं असेल तर वर जाऊन काट्याच्या थर्मामीटरवर आकडा पाहायचा, खाली येऊन तो टाइप करायचा, त्यापुढे पाहणाऱ्याचं नाव. तोपर्यंत वाफ बंद राहील. ढवळणं चालू, म्हणजे लगेच गोठणार नाही, मधल्या वेळात माणूस जाऊन येईल. वैद्य साहेबांना पटलं. हरेश म्हणाला, "काका, एकदम फर्स्ट क्लास." मलाही बरं वाटलं. बातमी आणि पुष्टी. कोणी सांगितलं त्याचं नाव नसेल तर आमच्याकडे ओळ लागत नाही.

बऱ्याच दिवसांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवार, २८ फेब्रुवारी

भोईर नाव टाकणार नाही. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटरही नाही. मंजूने संध्याकाळी सांगितलं.

"नाव पडला का मेमो येतंय," भोईर तिला म्हणाला. "चाळीस वरसांत ज्या कागदाव माजा नाव पडला, त्यो कागद पुडं माज्याच अंगाव आला."

त्याचं चुकतंय असं म्हणवत नाही. आकडा ज्याने पाहिला तोच पुढे जाब द्यायला उभा. वार्ताहराचं नाव छापून येतं, त्याची गोष्ट वेगळी. ते मला सुचायला हवं होतं.

"मग काय ठरलं?"

"काही नाही. मी म्हटलं माझं नाव टाकते. आपला तर मेमोबिमोचा प्रश्न नाही, स्टाफ आहे." जेवता जेवता सांगितलं, लोणचं वाढून घेतलं.

"पण नाव तुझं म्हणजे पाहणार कोण?"

"मीच. दुसऱ्याने पाहून माझं नाव कसं टाकायचं? तुमचाच नियम ना बाबा."

म्हणजे तार गेली, आत काय चाललंय ते कोणालाच माहीत नाही, अशा नेमक्या वेळी त्या शिडीवर मंजू चढणार. ते मी लिहून दिलंय. दोन ओळीत, चाळीस अक्षरांच्या आत.

शुक्रवार, ४ मार्च

कारखान्याला सुट्टी, म्हणून पाण्याची बॅच. मालाऐवजी नुसतं पाणी भरून चाचणी. वैद्य साहेब, हरेश, मंजू, भोईर आणि मी.

पंचावन्नला हरेशने मुद्दाम तार काढली. घंटी वाजली. माझं वाक्य आलं आणि राहिलं. सगळ्यांनी वाचलं. भोईरने गंमत म्हणून एंटरवर डबी ठेवून पाहिली. वाक्य हललं नाही. "आता खरा," तो म्हणाला.

वाफ बंद. मंजू निघाली. हेल्मेट, शिडी. मी केबिनच्या काचेतून. वर रिॲक्टरच्या झाकणाशी काटा आहे, तो झाकणाच्या इतका जवळ की वाचायला वाकावं लागतं. म्हणजे तोंड झाकणावर. पाणी होतं, नुसतं गरम पाणी. तरी झाकणाच्या कडेने वाफेचा एक धागा येत होता तो तिच्या गालाजवळून गेला. तिने ओढणीने वारलं, जसं चुलीपाशी वारतात.

खाली येऊन टाइप केलं: ५७, मंजिरी. बॅच पुढे सरकली. टाळ्या वाजल्या.

हरेशने मला विचारलं, काका, खूश? मी म्हटलं, काटा खालपर्यंत आणता येणार नाही का? त्याने वैद्य साहेबांकडे पाहिलं. वैद्य साहेब म्हणाले, शेठना सांगतो, पुढच्या दुरुस्तीला घेऊ. नवी तारसुद्धा अजून आलेली नाही. जुनीला जोड देऊन टेप गुंडाळलाय.

रविवार, ६ मार्च

वैद्य साहेबांच्या घरी गेलो, बदलापूरला. नाव काढून टाका म्हणून. नुसता आकडा पुरे. मग कोणीही वर जाईल, भोईर जाईल, ज्याची पाळी तो जाईल.

चहा दिला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "अहो, नाव आहे म्हणून तर आकडा खरा आहे. नाव काढलं की हे लोक खालीच बसून सत्तर टाइप करतील. डिट्टो करण्यात आयुष्य गेलंय त्यांचं. तुमचीच कल्पना, आणि उत्तम कल्पना आहे."

मीही हेच म्हणालो असतो.

"मुलीची काळजी वाटते का? हुशार आहे हो. तीच तर आहे वाचवणारी."

परतताना स्टेशनपर्यंत चालत आलो. शेतं कापून मोकळी पडली आहेत, मध्ये मध्ये इमारतींचे पाये. पायासाठी खणलेल्या एका खड्ड्यात पाणी साचलेलं, त्यात पोरं दगड टाकत होती. उगाच थांबून पाहत राहिलो.

सौ.ला काय सांगू. तिने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, बघतो म्हणाले.

मंगळवार, ८ मार्च

हरेश ऑफिसात आला, यंत्र बिघडलं म्हणून. बिघडलं नव्हतं.

"काका, जोडाचं रीडिंग कापतंय. म्हणजे तीन-चार अंश असंच नाचतं. वैद्य साहेबांना सांगितलं, ते म्हणाले चालेल."

"नाचतं ते आकडाच आहे ना? चिठ्ठी नाही लागत त्याला."

"नाही लागत. तुटेपर्यंत तो आकडाच."

चहा आला. तो कपात बोट बुडवून बसला, आईने पाहिलं असतं तर रागावली असती. मग म्हणाला, "खरी पहिली बॅच गुरुवारी लावतायत. दोन नंबरवर."

गुरुवारी महाशिवरात्र.

बुधवार, ९ मार्च

मंजूला म्हटलं उद्या रजा घे, शिवरात्र आहे, आईबरोबर देवळात जा.

"सगळ्यांनीच घेतलीय बाबा. भोईरमामा पण. त्यांची नातवंडं येणारेत यात्रेला. पॅकिंगचा एक माणूस देणारेत बदली. मी पण नाही गेले तर केबिनमध्ये कोण?"

"पॅकिंगच्या माणसाला व्हॉल्व्ह कळतो?"

"डावीकडे बंद, उजवीकडे उघडा. मी शिकवलंय."

सौ. म्हणाली, व्हॉल्व्ह उजवीकडे बंद होतो. आपला नळ उजवीकडे बंद होतो. मंजूने हवेत हात फिरवून पाहिला. मग हसली. "हो गं. तेच म्हणायचं होतं."

हे मी लिहून ठेवतोय, का ते माहीत नाही.

गुरुवार, १० मार्च. महाशिवरात्र

सकाळी. मंजू नेहमीच्या वेळी गेली. उपास. खिचडी डब्यात घेतली, घरी खाल्ली नाही. जिन्यात वळून म्हणाली, "सत्तर गाठले की फोन करते ऑफिसात. अकरा-साडेअकरा होतील. तुमचं पान सुटायच्या आत. बातमी लागली तर एक कॉलमच द्या, हं." हसत गेली.

ऑफिसात. शिवमंदिराच्या यात्रेचं वृत्त अंबरनाथच्या वार्ताहराने वेळेवर दिलं. प्रचंड रांगा, वाहतूक वळवली, एक वृद्ध बाई उन्हाने चक्कर येऊन पडल्या, प्रकृती ठीक, बंदोबस्तावरच्या हवालदाराने सांगितलं. दोन कॉलमी लावलं.

साडेअकरा. फोन नाही.

बाराला मी मंजूच्या केबिनला लावला. वाजतो. कोणी उचलत नाही. पुन्हा लावला. वाजतो.

संपादक म्हणाले, तुमचा चेहरा का असा? म्हटलं, उपास. माझा उपास नाही.

वैद्य साहेबांच्या केबिनचा नंबर लावला. तोही वाजतो. गेटवरच्या रखवालदाराकडे वेगळा फोन आहे म्हणे, तो नंबर माझ्याकडे नाही. घ्यायला हवा होता.

पान सुटलं. सही केली.

आता काय काय माहीत आहे. फोन वाजतो म्हणजे लाइन चालू आहे. कोणी उचलत नाही म्हणजे केबिनमध्ये कोणी नाही. तिथे आज दोघंच. म्हणजे दोघंही बाहेर आहेत. बाहेर का, ते माहीत नाही. घंटी वाजून ती वर गेली असेल. काही न होता सॅम्पल घ्यायला गेली असेल. पॅकिंगचा तो माणूस व्हॉल्व्हपाशी असेल. यातलं कोणीही मला सांगितलेलं नाही.

सकाळी ती हसत गेली, हा शेवटचा आकडा. मन सारखं तोच धरायला बघतंय. तो धरू नये.

सौ. देवळातून घरी आली असेल. घराखालच्या पीसीओवर निरोप ठेवता येईल. काय ठेवू? ठेवला नाही.

हरेशला कॅम्प तीनला फोन केला. त्याने दुसऱ्याच रिंगला उचलला, म्हणजे तोही फोनपाशीच बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मला पण नाही आला, काका."

तो स्कूटर घेऊन मला न्यायला निघतोय. यात्रेमुळे देवळाकडचा रस्ता बंद आहे, बुवापाड्याकडून आत शिरायचं. मी खाली रस्त्यावर उभा राहतो. ऑफिसातल्या शिपायाला फोनपाशी बसवलंय. काय विचारायचं ते त्याला कागदावर लिहून दिलं: काटा किती, कोणी पाहिला.

हॉर्न वाजला. हरेशच असावा. खाली जाऊन पाहतो.